ओबामांना आवडलं, तुला का नाही?

प्रतीक कुहाडचं ‘कोल्ड/मेस’ लावा आणि ऑफिसातल्या चार जणांना विचारा, कसं वाटलं? पाच मतं मिळतील. मी विचारलं. मग भांडणं इतकी रंगली, की एका शनिवारी सगळ्यांना एका खोलीत बसवून आख्खी ईपी ऐकवली!

एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे, ती आधीच सांगून टाकते. ‘मी हे ऐकलेलंच नाही’ असं म्हणणारा आमच्या मजल्यावर एकही जण सापडला नाही. कुणी कॅफेत ऐकलंय, कुणी कॅबमध्ये, कुणी एक्सच्या प्लेलिस्टमध्ये. एकीनं तर चक्क मैत्रिणीच्या साखरपुड्याच्या व्हिडिओमागे ऐकलंय. हो, विस्कटलेल्या नात्याचं गाणं साखरपुड्याला! पब्लिक शब्द ऐकतं कुठे?

पण एकमत इथेच संपतं. ‘जीव आहे माझा’पासून ‘झोप येते यार’पर्यंत सगळी मतं एकाच कॅबमध्ये बसून ऐरोलीला पोचतात. आणि गंमत म्हणजे, या विषयावर कुणीच शांतपणे बोलत नाही. अप्रेझलवर बोलतील, जागांच्या भावावर बोलतील, पण प्रतीक कुहाड म्हटलं की आवाज चढतो. का चढतो? मला तेच शोधायचं होतं.

आधी थोडी कुंडली. प्रतीक मूळचा जयपूरचा. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत गणित आणि अर्थशास्त्र शिकला. म्हणजे बायोडेटा तुमच्या-आमच्यासारखाच, पुढे रस्ता बदलला इतकंच. २०१५ मध्ये ‘इन टोकन्स अँड चार्म्स’ हा अल्बम आला. २०१६ मध्ये एमटीव्ही युरोप म्युझिक अॅवॉर्ड्समध्ये ‘बेस्ट इंडिया अॅक्ट’चा मान मिळाला. त्याच वर्षी ‘बार बार देखो’मध्ये जसलीन रॉयलबरोबरचं ‘खो गए हम कहाँ’ आलं आणि त्याचा आवाज मल्टिप्लेक्सपर्यंत पोचला. मग जुलै २०१८ मध्ये ‘कोल्ड/मेस’. ही ईपी, म्हणजे अल्बमची धाकटी बहीण. सहा गाणी, सगळी इंग्रजीत. ठाण्याला स्लो लोकल पकडली तर दादर यायच्या आत संपते.

शीर्षकगीताचा व्हिडिओ दार गाईनं दिग्दर्शित केला. त्यात जिम सर्भ आणि झोया हुसेन. एक घर, दोन माणसं, धड जुळत नाही आणि धड तुटत नाही असं नातं. आणि मग डिसेंबर २०१९च्या अखेरीला बराक ओबामांनी त्या वर्षातल्या आपल्या आवडत्या गाण्यांची यादी जाहीर केली. बियॉन्से, लिझो, ब्रूस स्प्रिंगस्टीन... आणि प्रतीक कुहाड! पुढच्याच वर्षी इलेक्ट्रा या अमेरिकन कंपनीनं त्याला करारबद्ध केलं. भांडणाला खरा रंग चढला तो इथून.

आमचा होता तो!

पहिला गट आहे ‘आम्ही आधीच ऐकलं होतं’वाल्यांचा. आमच्या डिझाइन टीममधला एकजण या गटाचा स्वयंघोषित अध्यक्ष. स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये. हा पठ्ठ्या त्याच्या आधीपासून यूट्यूबवर शोधशोधून ऐकत होता. छोट्या जागेत, शंभरेक माणसांत बसून त्यानं प्रतीकला ऐकलंय. समोर फक्त एक माणूस, एक गिटार आणि मध्येच तार जुळवताना मारलेल्या गप्पा.

‘तेव्हा कुणाला सांगितलं तर म्हणायचे, हा कोण? ओबामांनी सांगितल्यावर त्याच लोकांना एका रात्रीत तो आवडायला लागला. गाणं तेच होतं ना? मग दीड वर्षं तुमचे कान कुठे होते?’

रागात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. आपल्याकडे घरच्या माणसाची किंमत बाहेरच्यानं सांगितल्यावरच कळते, हे काही गाण्यापुरतं नाही. पण त्याच्याच शेजारच्या डेस्कवरची मुलगी ओबामांच्या यादीमुळेच या गाण्यापर्यंत पोचली. तिचं म्हणणं असं, की ‘मला कुठूनतरी कळलं ना! आता तुझ्याआधी ऐकलं नाही म्हणून मी रोज सॉरी म्हणू का?’

अध्यक्षमहाशयांचं दुःख वेगळंच आहे, असं मला वाटतं. जे गाणं शंभर जणांत ऐकलं, तेच आता हजारो मोबाइल वर धरून गायलं जातं. गाणं मोठं झालं आणि त्यात त्याची जी एक जागा होती, ती गेली.

चार कॉर्ड आणि एक उसासा

दुसरा गट जाणकारांचा. माझा एक मित्र सोमवार ते शुक्रवार एक्सेलमध्ये डोकं घालतो आणि शनिवार-रविवार बँडमध्ये गिटार वाजवतो. त्याला ‘कोल्ड/मेस’ म्हटलं की तो आधी सुस्कारा टाकतो.

‘सहाही गाणी एकाच मूडची. तोच हळू आवाज, तीच संथ लय, बोटांनी छेडलेली तीच गिटार. एलियट स्मिथ आपला आवडता आहे असं तो स्वतःच सांगतो. मग मी सरळ एलियट स्मिथच ऐकतो ना! आणि शब्द? आठवीतल्या मुलाला कळतील इतके सोपे.’

हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

गंमत म्हणजे त्याचं हे भाषण चालू असताना त्याच्याच बँडमधली गायिका शेजारी बसली होती. ती म्हणाली, ‘एकदा गाऊन बघ. मोठ्यानं गाताना थोडं इकडेतिकडे झालं तरी ड्रम्स झाकून घेतात. इतक्या हळू आवाजात सूर धरून ठेवायचा तर श्वाससुद्धा माइकमध्ये ऐकू येतो. लपायला जागाच नाही.’ मित्रानं विषय बदलला!

माझं मत विचाराल तर मी अधेमधे आहे. सहा गाण्यांत चढउतार कमी आहेत, हे मलाही जाणवतं. पण शीर्षकगीताची बांधणी मला फार आवडते. सुरुवातीला गिटार आणि आवाज, एवढंच. मग हळूहळू वाद्यं येत जातात आणि उत्तरार्धात एकदम खोली भरल्यासारखं होतं. लोकलच्या खडखडाटात, कानात स्वस्तातले इअरफोन घालून ऐकलं तर ती सुरुवातीची शांतता आपल्यापर्यंत पोचतच नाही. मग उरतं काय? ‘स्लो आहे यार.’

इंग्रजीत रडायची काय गरज?

तिसरं मत आमच्या घरातलं. बाबा अरुण दात्यांवर वाढलेले. रविवारी मी भाजी चिरताना स्पीकरवर ईपी लावली, तेव्हा पेपरातून मान वर न करता म्हणाले, ‘आवाज गोड आहे गं. पण जयपूरचा मुलगा ना हा? मग इंग्रजीत रडायची काय गरज आहे?’

मी त्यांना ‘कसूर’ ऐकवलं. प्रतीकचं २०२० मधलं हिंदी गाणं. २०२१च्या ‘धमाका’ सिनेमातही त्याची एक आवृत्ती आहे. बाबांनी पेपर खाली ठेवला. ‘हे बघ, हे गाणं. यात तो घरी आल्यासारखा वाटतो.’

बाबांचा मुद्दा एकट्या त्यांचा नाही. ‘हिंदीतला प्रतीक’ आणि ‘इंग्रजीतला प्रतीक’ असे दोन पक्षच आहेत. हिंदी पक्षाचं म्हणणं, हिंदीत त्याचे शब्द जमिनीवर असतात आणि इंग्रजीत तो जगातल्या कुठल्याही शहरातला वाटतो. इंग्रजी पक्षाचं उत्तर, ‘आम्हीही तसेच आहोत की! आम्ही प्रेमात इंग्रजीत मेसेज करतो, भांडतो इंग्रजीत, ब्रेकअपही इंग्रजीत करतो. मग गाणं इंग्रजीत असलं तर खोटं कसं?’

२०२२ मध्ये ‘द वे दॅट लव्हर्स डू’ हा त्याचा पूर्ण इंग्रजी अल्बम आला, तेव्हा हा वाद पुन्हा पेटला. तो त्यानं अमेरिकेत, सिअॅटलजवळच्या बेअर क्रीक स्टुडिओत रायन हॅडलॉक या निर्मात्याबरोबर केला. आवाज आणखी गुळगुळीत, वाद्यं आणखी नेटकी. काहींना वाटलं, आता आपला मुलगा जगात निघाला. काहींना वाटलं, निघाला म्हणजे गेलाच!

पण भाषेच्या या भांडणात मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते आमच्या टेस्टिंग टीममधल्या एका मुलानं. हा लातूरकडचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम. कॅबमध्ये त्याच्या मोबाइलवर ‘कोल्ड/मेस’ वाजलं आणि मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, ‘अरे वा! तू आणि प्रतीक कुहाड?’ सगळे हसले. तोही हसला. नंतर चहाच्या टपरीवर माझ्याशी बोलला.

‘कॉलेजात होस्टेलवर पोरं इंग्रजी गाणी लावायची. मी मान हलवायचो. ते काय म्हणायलेत, एक शब्द कळायचा नाही. विचारायची लाज. हे पहिलं इंग्रजी गाणं, जे मला शब्द न शोधता सुरुवातीपासून शेवटपर्यंत कळलं. त्या रात्री मी चार वेळा ऐकलं. गाणं आवडलं म्हणून ऐकलं का कळलं म्हणून, ते अजून सांगता येत नाही.’

आठवलं? ‘आठवीतल्या मुलाला कळतील इतके सोपे शब्द.’ माझ्या गिटारवाल्या मित्राला जो दोष वाटतो, तो या मुलासाठी दरवाजा होता. आणि तो दरवाजा उघडून आत आल्यावर त्याला पहिला प्रश्न काय विचारला गेला? तू इथे कसा? जानेवारी २०२३ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर भारतातलं पहिलं लोलापालूझा झालं, प्रतीकही तिथे गायला. हा गेला नाही. तिकिटाला बाजूला ठेवलेल्या पैशांत आईचा मोबाइल आला. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, पण मला पुढचा घोट गिळायला वेळ लागला.

ते गाणं बंद कर ना

आणि एक मत असं होतं, जे मी विचारलंच नव्हतं. ऑफिसातली माझी एक मैत्रीण. जिथे हे गाणं लागतं तिथून ती उठून जाते. आधी मला वाटायचं, तिलाही बोअर होत असेल. एकदा कँटीनमध्ये लागलं तेव्हा तिनं काउंटरवरच्या दादांना हात जोडून सांगितलं, ‘प्लीज, दुसरं लावा.’

मग कळलं. दोन वर्षं ती एका नात्यात होती. आज सोडायचं, उद्या धरायचं. तो रात्री ओरडायचा आणि सकाळी हे गाणं पाठवायचा. आपणही असेच, विस्कटलेले पण एकमेकांचे. ती ऐकायची, रडायची आणि परत जायची. ‘मला वाटायचं, प्रेम म्हणजे असंच असतं. इतकं सुंदर गाणं झालंय यावर, म्हणजे हे खरंच असणार.’

यावर काय बोलणार? मी तेव्हा गप्पच बसले. पण आत्तापर्यंत ज्या वादाला आपण टीपी समजत होतो, तो काही टीपी नव्हता, हे त्या दिवशी लक्षात आलं.

शनिवार, दुपारी चार

म्हणून ही बैठक. मुलुंडला माझ्या घरी. अध्यक्षमहाशय, ओबामावाली, गिटारवाला, गायिका, लातूरकर आणि बाबा. मैत्रिणीला मी मुद्दाम बोलावलं नव्हतं. कुणाकडून तरी तिला कळलं आणि ती स्वतःच आली. म्हणाली, ‘बाकीची पाच ऐकते. त्या एकाचं बघू.’ नियम दोनच. सगळ्यांचे मोबाइल पोळ्यांच्या डब्यात, आणि ईपी संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

तुम्ही शेवटचं असं कधी ऐकलं होतं, आठवतंय? सात माणसं, एक स्पीकर, मध्ये काहीही न करता! पहिली दोन मिनिटं सगळे अवघडले. नजर कुठे ठेवायची कळेना. मग बाबांनी डोळे मिटले आणि बाकीच्यांना सुटल्यासारखं झालं. गिटारवाल्याची बोटं गुडघ्यावर चालायला लागली. चार कॉर्ड म्हणणारा माणूस एका ठिकाणी थबकला आणि त्यानं गायिकेकडे बघून भुवया उंचावल्या.

शीर्षकगीत सुरू झालं तशी मैत्रीण उठली. ‘चहा टाकते.’ आत भांड्यांचा आवाज आला, मग तो थांबला. गाण्यात वाद्यं वाढत गेली तेव्हा मी वळून बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. शेवटपर्यंत.

चहाबरोबर पहिलं तीच बोलली. ‘गाणं चांगलंच आहे. पण यात तो निघून जात नाही. शेवटपर्यंत नाही. मला तेव्हा निघून जाणारं गाणं हवं होतं.’

गिटारवाला म्हणाला, ‘पण सल्ला देणं हे गाण्याचं काम नाही ना. त्याला जे वाटलं ते त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. अडकलेल्या माणसाचं गाणं अडकलेलंच असणार.’

‘बरोबर आहे,’ लातूरकर म्हणाला, ‘पण आपल्याला हे दुसरं कोण शिकवतंय? घरात या विषयावर कुणी बोलत नाही, शाळेत नाही. प्रेमात कसं वागायचं ते आपण गाण्यांतूनच उचलतो. मग गाणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का?’

ओबामावालीचं मत पडलं, की जबाबदारी गाणं पाठवणाऱ्याची, गाणाऱ्याची नाही. अध्यक्षमहाशय म्हणाले, हे गाणं त्यांच्या ब्रेकअपमध्ये त्यांना तारून गेलं. आपल्यासारखंच कुणीतरी अडकलंय एवढं कळलं तरी पुष्कळ होतं. तेच गाणं. एकाला बाहेर यायला उपयोगी पडलं, दुसरीला आत ओढून घेऊन गेलं. दोघं समोरासमोर मोड्यांवर बसून चहात बिस्किट बुडवत होती, आणि कुणाचंही म्हणणं खोटं नव्हतं.

बाबा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, ‘आमच्याकडे रेडिओ एकच होता. आवडो न आवडो, सगळ्यांनी तेच ऐकायचं. त्यामुळे कोण कुठल्या गाण्याला उठून जातो, हे घरात सगळ्यांना माहीत असायचं.’

मला ते पटलं. ‘गारवा’ आली तेव्हाचं आठवा. मिलिंद इंगळेंचं गाणं सगळ्यांना हवं असायचं, पण सौमित्रच्या निवेदनावरून घराघरांत दोन तट. एकाला तेच पाठ, दुसरा कॅसेट पुढे पळवणार. २००३ पासून ‘आयुष्यावर बोलू काही’वरही अशीच भांडणं झाली, ‘कविता आहे’ आणि ‘फार गोड आहे’ यांच्यात मैत्र्या पणाला लागल्या! पण ती भांडणं गाणं ऐकता ऐकता व्हायची. आता एकाच घरात चार माणसं, चार हेडफोन आणि चार प्लेलिस्ट. कुणाला काय आवडतं ते आपल्याला वर्षाच्या शेवटी अॅपकडून कळतं. कुणाला काय सहन होत नाही, ते मात्र कुठलंच अॅप सांगत नाही. त्यासाठी ते माणूस त्याच खोलीत असावं लागतं.

तर निकाल काय लागला? लागलाच नाही. गिटारवाला अजूनही ‘एकसुरी’ म्हणतो, पण आता एक गाणं वगळून. बाबांची हिंदी पार्टी कायम. अध्यक्षमहाशय आणि ओबामावाली अजूनही ‘आधी कुणी ऐकलं’वर भांडतात, फक्त आता जेवायला एकत्र जातात. आणि कॅबमध्ये गाणं कोण लावणार, याची पाळी ठरलीय. सोमवार लातूरकराचा. कुणी हसत नाही.

तुम्हीही करून बघा

• चार ते सात माणसं पुरे. त्यात एकजण तरी आपल्या वयाचा नसावा. आई, काका, शेजारच्या आजी, कुणीही चालेल.

• पूर्ण अल्बम किंवा ईपी, आणि अर्धा-पाऊण तासात संपणारी. शफल नको. ज्या क्रमानं गाणी दिलीत, त्याच क्रमानं.

• एकच स्पीकर. मोबाइल डब्यात. पोळ्यांचा डबा उत्तम, फक्त आधी पोळ्या काढा!

• ऐकताना गप्पा नाहीत. नंतर चहा हवाच. कोरड्या घशानं भांडता येत नाही.

• ‘तुला हे आवडतं?’ या प्रश्नात ‘तुला’वर जोर देऊ नका. गाण्याच्या दाराशी कुणी वॉचमन नेमलेला नाही.

• कुणी मध्येच उठून गेलं तर ‘का गं?’ म्हणून मागे धावू नका. चहा टाकत असेल. सांगायचं असेल तर चहाबरोबर सांगेल.

पुढचा शनिवार मैत्रिणीनं मागून घेतलाय. कुठला अल्बम, ते सांगत नाहीये. फक्त एवढंच म्हणाली, की त्यात एक निघून जाणारं गाणं आहे.